नाव बदललं की भागतं का?

प्रश्न : आमच्या गटानं परदेशातल्या एका हुकूमशहावर अर्ध्या तासाचा विडंबनपट केला आहे. सीताबर्डीत थिएटर भाड्यानं घेऊन तिकीट लावून दाखवायचा विचार आहे. त्या देशाच्या सरकारनं हरकत घेतली तर? पात्राचं नाव बदललं की भागेल का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नुसतं नाव बदलून हरकत टळत नाही. चॅप्लिननं 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये हिटलरचा हिंकेल केला, जर्मनीचं टोमेनिया केलं. तरी त्या आखूड मिशांवरून शेंबडं पोरही ओळखेल. चित्रपट तयार होत असताना जर्मनीला दुखवायला नको म्हणून ब्रिटिश सरकार बंदी घालायला निघालं होतं. युद्ध पेटलं आणि डिसेंबर 1940मध्ये तोच चित्रपट लंडनला लागला. स्पेनमध्ये मात्र तो तिथला हुकूमशहा फ्रँको याच्या मृत्यूनंतर, 1976 साली पोचला.

परदेशी सरकार सहसा कलावंताशी भांडत बसत नाही. दाब येतो तो वितरकावर आणि थिएटरवाल्यावर. 'द इंटरव्ह्यू' या चित्रपटात उत्तर कोरियाच्या किम जोंग उन यांचं खरं नाव होतं, वर पडद्यावर त्यांचा मृत्यूही दाखवला होता. जून 2014मध्ये उत्तर कोरियानं याला युद्धाची कृती म्हटलं. नोव्हेंबरात तो चित्रपट काढणाऱ्या सोनी कंपनीचे संगणक हॅक झाले, पुढे थिएटरांना धमक्या आल्या. मोठ्या साखळ्यांनी अंग काढून घेतलं आणि 17 डिसेंबरला सोनीनं प्रदर्शनच रद्द केलं. आठवड्याभरात तो इंटरनेटवर आणि लहान थिएटरांत आला, तो थोड्या स्वतंत्र थिएटरमालकांच्या हिमतीवर. म्हणून थिएटरच्या करारात ऐनवेळी खेळ रद्द झाला तर भाडं परत कसं मिळणार, हे लिहून घ्याच.

तिकीट लावायचं तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवंच. अर्ज ऑनलाइन करायचा, नागपूरकरांचं काम मुंबई कार्यालयातून होतं. 1952च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम 5बमध्ये 'परकीय राष्ट्रांशी मैत्रीचे संबंध' हा नकाराचा एक आधार आहे; तुमची गाडी अडली तर इथंच अडेल. कल्पित देश, कल्पित झेंडा ठेवलात तर सेन्सॉर मंडळाच्या तपासणी समितीपुढे बोलायला जागा राहते. थट्टा सत्तेची आहे की तिथल्या साध्या माणसांची, हेही संवादांतून स्पष्ट दिसू द्या. दुसऱ्या प्रकारची थट्टा आम्हाला मुळातच पटत नाही. समितीनं कट सुचवले आणि ते मान्य नसले तर पुनरीक्षण समितीकडे जा. अपिलाचं न्यायाधिकरण 2021मध्ये बंद झालं, त्यामुळे मंडळाच्या आदेशावरचं अपील आता थेट उच्च न्यायालयात, तेही 30 दिवसांत. आदेश हाती आला त्या दिवशीच तारीख टिपून ठेवा.

पुष्कळ जण इथं चुकतात : प्रमाणपत्र मिळाल्यावर एखादा 'पंच' वाढवतात. बदललेला भाग पुन्हा मंडळाकडून मंजूर करून घ्यावा लागतो.

प्रश्न : मग सरळ यूट्यूबवर टाकला तर?

उत्तर : तिथं सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागत नाही. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली मजकूर अडवता येतो, आणि परराष्ट्रमैत्रीचं कारण त्यातही आहे. मूळ फाइल दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी.