नागपुरात माजी सैनिकांशी बोलून फौजेची नोकरी समजून घ्यायची आहे. कोणाकडे जाऊ आणि काय विचारू?

तुम्ही अकरावीत आहात, फौजेत जायचं की नाही हे ठरवायचंय आणि घरात कोणीच फौजी नाही, असं लिहिलंय. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि माझे विद्यार्थी दरवर्षी अशा मुलाखती घेतात. त्या अनुभवावरून सांगते: शौर्यापासून सुरुवात करू नका, रोजच्या दिवसापासून करा.

आमची मुलं एका निवृत्त हवालदारांकडे गेली आणि पहिलाच प्रश्न टाकला, लढाईत भीती वाटायची का? "भेव तं वाटेच ना, बाप्पा," एवढं बोलून काका गप्प. पुढे काय विचारावं ते कोणाला सुचेना. मग एका मुलीचं लक्ष पलंगाखालच्या काळ्या लोखंडी पेटीकडे गेलं. पेटीवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. 'नाईक' खोडून वर 'हवालदार' लिहिलेलं. "काकाजी, हे तुम्हीच रंगवलं का?" तिथून जे सुरू झालं ते अंधार पडेपर्यंत. घर सोडल्याची पहिली रात्र, पहाटेची पीटी, लंगरातली पोळी, सुट्टी मंजूर झाल्यावर जनरल डब्यात दारापाशी पेटीवर बसून केलेला प्रवास. लढाईचा विषयही निघाला, पण तो त्यांनी स्वतः काढला. किती शत्रू मारले, हे मात्र कधीच विचारू नका.

माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे, वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, त्यामुळे निवृत्तीनंतर इथेच घर केलेले बरेच जण भेटतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात महाविद्यालयाचं पत्र घेऊन जा. तुमच्या सोसायटीच्या किंवा बँकेच्या दारावरचे सुरक्षारक्षकही माजी सैनिक असू शकतात. शिपाई म्हणून भरती झालेले बरेच जण चाळिशीच्या आतबाहेर निवृत्त होतात आणि दुसरी नोकरी धरतात. हे दुसरं आयुष्य कसं जमवलं, हे जरूर विचारा. अग्निवीरांची मुदत ४ वर्षांची आहे आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांनाच पुढे कायम केलं जातं, म्हणून तुमच्या पिढीला तर याच प्रश्नाची सगळ्यात जास्त गरज आहे.

जाण्यापूर्वी त्यांच्या पलटणीबद्दल वाचा. गार्ड्सच्या माणसासमोर बसताना १९७१ च्या युद्धात गंगासागरला (आजच्या बांगलादेशात) लढलेले लान्सनायक अल्बर्ट एक्का (मरणोत्तर परमवीर चक्र) याच रेजिमेंटचे, हे ठाऊक असलं तर बोलणं वेगळ्याच पातळीवर जातं. नायब सुभेदार, सुभेदार असतील तर 'साहेब' म्हणा. निवृत्तीनंतरही तो मान त्यांचाच असतो.

मला एक गोष्ट फार खटकते. मुलं कारगिलचेच सैनिक शोधतात. १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेल्यांकडे कोणी फिरकत नाही. तिथे आपल्या अकराशेहून अधिक जवानांचा जीव गेला, आणि परत आलेले आज साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत. १९७१ चे तर पंचाहत्तरीच्या घरात किंवा त्यापलीकडे. आधी यांच्याकडे जा. ड्रायव्हर, क्लार्क, स्वयंपाकी म्हणून नोकरी केलेल्यांनाही भेटा, फौज चालते ती त्यांच्याही जोरावर.

काकूंशी वेगळं बसून बोला. पत्त्यात गावाचं नाव नाही, फक्त '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयाचा नंबर. नवरा नेमका कोणत्या डोंगरावर आहे हे माहीत नसताना सासू-सासरे, शेती, मुलांच्या शाळा त्यांनी ओढल्या. नवऱ्यासमोर विचारलं तर त्या "काय सांगू, सगळं यांनाच विचारा" म्हणतात. स्वयंपाकघरात बसलात तर सांगतात.

रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या आणि ते कोण ऐकणार हे स्पष्ट सांगा. सध्याच्या तैनातीबद्दल, हत्यारांच्या तपशिलाबद्दल विचारू नका. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. डोळे भरून आले तर फोन बंद करा, पाणी द्या, त्या दिवशी तिथेच थांबा. लिहून झालं की प्रकल्प जमा करण्याआधी त्यांना वाचून दाखवा, गावांची नावं आणि सालं तपासून घ्या, नको वाटेल तो भाग काढा. एक छापील प्रत त्यांना द्याच. बहुतेक घरांत नातवंडांनी यातलं काहीच ऐकलेलं नसतं.