बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत पहिली ते सातवीची मुलं एकत्र बसतात. सगळ्यांना गुंतवेल असा एक विषय कोणता?

पाऊस मोजायला लावा. मी स्वतः दोनशिक्षकी शाळेत हेच करतो, आणि खर्च म्हणाल तर एक रिकामी बाटली. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, तळात खडे घालून बाटलीच्या बाजू सरळ होतात तिथपर्यंत पाणी भरायचं, तिथे शून्याची खूण आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. तळ खडबडीत असतो, म्हणून ही खटपट.

- पहिली-दुसरी: रोज ढगाचं चित्र, पावसाचे शब्द.
- तिसरी-चौथी: सकाळी साडेआठला मोजणी, फळ्यावर आलेख.
- पाचवी ते सातवी: १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. ५० चौ.मी. छपरावर २० मिमी पडला तर १,००० लिटर! इथे वर्ग गप्प होतो. पुढे तालुक्यातल्याच कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा नदी कूडलसंगमला कृष्णेला मिळते, तो नकाशा काढून घ्या.

बाटली मात्र झाडाखाली, पागोळ्यांखाली नको. आणि कणकुंबीच्या बाजूची शाळा असेल तर तिथे पाऊस फार, म्हणून दिवसातून दोनदा मोजा, नाहीतर बाटली भरून वाहील.