मुलगी म्हणते, लेखिकाच होणार

पत्र : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतो. मुलगी बारावी कला शाखेत आहे. रात्री बारापर्यंत वाचते, वहीत काहीबाही लिहिते. परवा तिच्या नकळत वही वाचली. लेखिकाच होणार म्हणते. यात पोट भरतं का? घरात तेलुगू बोलतो, त्यामुळे तिचं मराठी कच्चंच राहणार असं नातेवाईक म्हणतात. वाचन बंद करायला लावू का?

उत्तर : दादा, नमस्कार. वाचन बंद करू नका.

आधी पोटाचं बोलू. ३०० रुपयांच्या पुस्तकावर लेखकाला दहा टक्के मानधन धरलं, तर १,००० प्रती खपल्यावर हातात ३० हजार येतात. मराठीत एवढ्या प्रती खपायलाही काही वर्षं जातात आणि लिहिण्यात गेलेली वर्षं वेगळीच. हा हिशेब तिच्यासमोर कागदावर मांडा. पदवी आणि नोकरी हवीच. नोकरी सांभाळून मोठं लेखन होतं. आपल्याच जिल्ह्यातल्या, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नोकरी करत लिहीत राहिले. २०२० चा सरस्वती सन्मान त्यांच्या 'सनातन' कादंबरीला मिळाला.

वहीत काय होतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण न विचारता वाचलीत, हे तिला सांगा आणि माफी मागा. लिहिणाऱ्या मुलीला घरात एक जागा अशी लागते, जिथे कच्चं, चुकीचं लिहिलेलं कुणी पाहणार नाही. ती जागा गेली की मुलं सगळ्यांना आवडेल तेवढंच लिहू लागतात. मी हे बऱ्याच विद्यार्थ्यांत पाहिलंय.

वाचनाची पद्धत मात्र थोडी बदलायला सांगा. गोष्ट आवडली की लगेच दुसरी उघडायची नाही. तीच पुन्हा वाचायची आणि लेखकाने काय सांगितलं नाही, कुठे थांबला, ते शोधायचं. आवडलेलं एक पान हाताने उतरवून काढायचं. स्वतःचं लिहिलेलं आठवडाभर बाजूला ठेवून मग मोठ्याने वाचायचं. अडखळली तिथे वाक्य दुरुस्त करायचं. बारावीच्या परीक्षेपर्यंत याला रोज एक तास, आणि तो रात्रीचा नको. हिराचंद नेमचंद वाचनालयात तिचं नाव घाला.

आता नातेवाइकांचं म्हणणं. दोन भाषांत वाढलेल्या मुलीला शब्द निवडण्याची सवय आपोआप लागते. तेलुगूतून थेट मराठीत अनुवाद करणारी माणसं माझ्या पाहण्यात फार थोडी आहेत. तिने पदवीला मराठी घ्यावं, सोबत तेलुगू पक्कं करावं. अनुवाद, मुद्रितशोधन, आकाशवाणी, शिकवणं, सगळीकडे हे उपयोगी पडेल.

ती तेलुगू बोलते, पण लिपी येते का? येत नसेल आणि तुम्हाला येत असेल, तर पाळी संपवून आल्यावर रोज अर्धा तास तुम्हीच शिकवा. तुम्हालाही येत नसेल, तर दोघं मिळून शिका.