आदान कोणाचे, प्रदान कोणाचे?

प्रश्न असा आला आहे: संगणकाच्या प्राथमिक पुस्तकात कीबोर्ड आणि माउस यांना ‘आदान साधने’ म्हटले आहे, मॉनिटर आणि प्रिंटर यांना ‘प्रदान साधने’. पण कीबोर्डवरून आपण संगणकाला काहीतरी देतो, मग ते प्रदान का नाही? शिवाय ‘आदान’मध्येही ‘दान’ आहेच, मग दोन्ही शब्दांचा अर्थ ‘देणे’ असाच होत नाही का?

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करू, कारण पहिलीचे उत्तर तिच्यातच दडले आहे. ‘दा’ या धातूचा अर्थ देणे, हे खरेच. पण त्याच्या आधी ‘आ’ लागला की क्रियेची दिशा फिरते. गमन म्हणजे जाणे, आगमन म्हणजे येणे. नयन म्हणजे नेणे, आनयन म्हणजे आणणे. त्याच चालीवर दान म्हणजे देणे आणि आदान म्हणजे घेणे. ‘प्र’ मात्र क्रियेला पुढे, बाहेरच्या बाजूला नेतो: प्रयाण, प्रस्थान, प्रदान. ‘पुरस्कार प्रदान केला’ हे वाक्य कानावर असते म्हणून प्रदान ओळखीचे वाटते. आदान एकटे फारसे भेटत नाही, ‘विचारांचे आदानप्रदान’ अशा जोडीतच येते. आणि जोडशब्द एका दमात उच्चारला जातो, त्यामुळे त्यातले घेणे कोणते याचा विचार करायची वेळच येत नाही.

आता कर्ता शोधा. घेतो कोण आणि देतो कोण? दोन्ही ठिकाणी संगणकच. कीबोर्डमधून संगणक घेतो, म्हणून ते त्याचे आदान. पडद्यावर तो दाखवतो, म्हणून ते त्याचे प्रदान. नवशिक्या माणूस स्वाभाविकपणे स्वतःच्या जागेवरून बघतो, ‘मी वाचतो म्हणजे मला मिळते’, आणि सगळे उलटे होऊन बसते. इनपुट-आउटपुट हे इंग्रजी शब्द वापरले तरी हा गोंधळ टळत नाही. त्यांतली आत-बाहेरची दिशाही संगणकाच्याच बाजूने मोजलेली असते. आज्ञार्थी वाक्याचा कर्ता जसा न सांगता धरायचा असतो, तसा इथे ‘संगणक’ हा शब्द मनात धरायचा.

ही कसोटी लावली की नेहमीच्या वस्तू भराभर वेगळ्या होतात. माउस, स्कॅनर, वेबकॅम, मायक्रोफोन: संगणक घेतो. प्रिंटर, स्पीकर, प्रोजेक्टर: संगणक देतो. हेडसेटची फोड करावी लागते, कानावरचा भाग आउटपुट आणि तोंडाजवळचा माइक इनपुट. बोली मराठीत इथे एक खाच आहे. ‘माइकचा आवाज कमी करा’ असे आपण सर्रास म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा रोख स्पीकरकडे असतो. बोलण्यात ते चालून जाते. संगणकाच्या सेटिंगमध्ये मात्र दोघांचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता येतात आणि स्पीकरऐवजी माइकचा कमी केला की बैठकीत आपले बोलणे कोणालाच ऐकू जात नाही.

टचस्क्रीनबद्दल हमखास विचारतात, ती कशात मोडते? दोन्हींत, कारण ती मुळात एकावर एक बसवलेली दोन साधने आहेत. खाली चित्र दाखवणारा पडदा आणि त्यावर बोटाचा स्पर्श ओळखणारा पारदर्शक थर. मोबाइलवर साध्या कापडी हातमोज्याचे बोट टेकवून पाहा. चित्र जसेच्या तसे दिसत राहते, पण स्पर्श सहसा नोंदला जात नाही, कारण त्या थराला बोटाजवळ होणारा सूक्ष्म विद्युत बदल जाणवावा लागतो. आउटपुट चालू, इनपुट बंद, एकाच काचेवर.

कीबोर्डचे उदाहरण मला याहून जास्त आवडते. तो शंभर टक्के इनपुट साधन वाटतो. पण कॅप्स लॉकचा छोटा दिवा आठवा. साध्या यूएसबी कीबोर्डमध्ये तो दिवा कळ दाबल्यामुळे आपोआप लागत नाही. कळ दाबल्याची वर्दी संगणकाकडे जाते आणि ‘दिवा लाव’ हा निरोप संगणकाकडून परत येतो. विंडोज असलेल्या संगणकाला दोन कीबोर्ड जोडून एकावर कॅप्स लॉक दाबला, तर दुसऱ्यावरचाही दिवा लागतो. म्हणजे त्या दिव्यापुरते कीबोर्डकडे संगणकाचे प्रदान येते. कळेवर छापलेले अक्षरही कीबोर्ड पाठवत नाही, फक्त कोणती कळ दाबली त्याचा क्रमांक पाठवतो. तिचे अक्षर कोणते करायचे ते संगणक ठरवतो. म्हणून इनस्क्रिप्ट ही मराठी टंकनाची कळरचना निवडली की इंग्रजी ‘जे’च्या त्याच कळेवर ‘र’ उमटतो.

पेन ड्राइव्ह मात्र या वर्गीकरणात ओढूनताणून बसवू नये. त्यातून माहिती आत येते, त्यात बाहेरही जाते, पण त्याचे मुख्य काम साठवणीचे आहे. त्याला साठवण साधन म्हणावे.

आता शब्द कोणते वापरावेत? इनपुटसाठी ‘निविष्टी’ही सुचवला जातो. त्याच्या जवळचा ‘निविष्ठा’ शेतीच्या भाषेत पक्का रुळला आहे, बियाणे, खते, कीटकनाशके म्हणजे कृषी निविष्ठा. संगणकासाठी मला आदान-प्रदान ही जोडी सरस वाटते, कारण दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत आणि फक्त उपसर्गाने दिशा सांगतात. ‘कळफलक’ही चांगला आहे, ऐकताच वस्तू डोळ्यांपुढे येते. ‘मूषक’ कोणी म्हणत नाही, तिथे माउसच बरा. ‘मुद्रक’ म्हटले की छपाई करणारा माणूस आठवतो, म्हणून यंत्राला प्रिंटर म्हणावे.

नवशिक्यासाठी लिहिताना मी नुसती संज्ञा देऊन थांबणार नाही. व्याख्येत कर्ता उघडपणे लिहीन: ‘ज्यातून संगणक माहिती घेतो ते इनपुट किंवा आदान साधन, ज्यातून संगणक माहिती देतो ते आउटपुट किंवा प्रदान साधन.’ ‘संगणक’ हा शब्द दोन्ही वाक्यांत पुन्हा येतो, तो संपादकाने गाळू नये.