एप्रिलमध्ये फ्रेंच आल्प्समधल्या वाल तोरांसला स्कीइंगला जाताय?

बर्फ उरेल का, ही काळजी सोडा. गावच २३०० मीटरवर आहे, उतार त्याहूनही बरेच वर. बर्फ असतोच, प्रश्न तो कसा असतो याचा.

रात्री आकाश निरभ्र असलं की आदल्या दिवशी वितळलेला बर्फ दगडासारखा गोठतो. सकाळी नऊला त्यावर स्कीची कड नुसती करकरते, पकड म्हणून मिळत नाही. माझ्या पहिल्या सकाळी मी अर्धा उतार बसूनच उतरलो! तेव्हा निवांत कॉफी घ्या, साडेदहाला निघा. आधी पूर्वेकडचे उतार, कारण ऊन तिथे लवकर पोचतं. वरचा थर बोटभर मऊ, जाड साखरेसारखा झाला की वळणं आपसूक जमतात. दुपारी त्याचीच खिचडी होते आणि गुडघे कुरकुरायला लागतात. मग उत्तरेकडे सरका किंवा सरळ थांबा.

आणखी एक. इतक्या उंचीवर झाडं नसतात. ढग उतरले की खड्डा कुठला, उंचवटा कुठला, काही कळत नाही. गॉगलला कमी उजेडाची काच हवीच. उताराच्या कडेच्या खांबांवर नजर ठेवून या. फ्रान्समध्ये उतरताना उजवीकडच्या खांबांचा शेंडा नारिंगी असतो. वारा सुटला तर उतारांवर नेणाऱ्या वरच्या लिफ्ट बंद होऊ शकतात, त्या दिवशी चडफडू नका.