टर्बो लावायच्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकसाठी इंजिन बेअरिंग कोणतं घेऊ?

तुम्ही लिहिलंय की सिटी 1.5 व्हीटेकसाठी फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन आणि रॉड आणून ठेवलेत, टर्बो बसणार आहे. पार्टवाला म्हणतो रेसवालं महाग ट्रायमेटल घ्या, मशीन शॉपवाला म्हणतो कंपनीचंच बसवा. पण दोघांपैकी कुणीही अजून क्रँकला मायक्रोमीटर लावलेला दिसत नाही, आणि घोडं तिथेच पेंड खातंय.

आधी मटेरियलचं उरकतो. बायमेटल म्हणजे पोलादी पाठीवर अॅल्युमिनियम-टिन-सिलिकॉनचा एकच जाडसर थर. ट्रायमेटलमध्ये पोलादावर तांबं-शिशाचा थर आणि त्याच्यावर शिसं-टिनचा मऊ मुलामा, रेसच्या बेअरिंगला जेमतेम 12-13 मायक्रॉन. ट्रायमेटल जास्त भार सोसतं, बायमेटल कचरा जास्त पोटात घेतं. कास्ट (ओतीव) क्रँकवर अॅल्युमिनियममधलं सिलिकॉन जर्नलचे (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) बारीक कंगोरे घासून साफही करतं, हा त्याचा फायदा. क्रँक कास्ट आहे की फोर्ज्ड हे वेबच्या (दोन जर्नलना जोडणाऱ्या भागाच्या) कडेला बघून कळतं: बारीक रेघ असेल तर कास्ट, रुंद पट्टा असेल तर फोर्ज्ड. कंपन्या अॅल्युमिनियमकडे वळल्या त्यात युरोपातल्या शिशावरच्या बंधनांचाही वाटा आहे, त्यामुळे नव्या गाडीत बायमेटल दिसलं म्हणजे तेच श्रेष्ठ असं समजू नका.

टर्बोसाठी मी ट्रायमेटलच घेईन. एसीएल, किंग, क्लेवाइट यांपैकी तुमच्या जर्नलच्या मापात जे नीट मिळेल ते. ब्रँडवरून भांडण्यात अर्थ नाही. बूस्ट अगदी हलका आणि गाडी रोजच्या वापराची असेल तर मशीन शॉपवाल्याचंही चुकत नाही.

आता खरा विषय, क्लिअरन्स, म्हणजे जर्नल आणि बेअरिंगमधली फट. जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग, सुमारे 0.025 मिमी) आणि परफॉर्मन्ससाठी वर अर्धा थाऊ, हा नियम तुम्हाला जागोजागी सापडेल. तो मोठ्या अमेरिकन व्ही-8 बांधणाऱ्यांकडून आलाय. 45 मिमीच्या क्रँकपिनला (रॉड बसतो त्या जर्नलला) लावला तर सुमारे 0.058 मिमी येतात, आणि होंडाचं स्वतःचं माप याहून बरंच घट्ट आहे. छोटा ऑइल पंप, पातळ ऑइल, त्यात एवढी मोकळी बेअरिंगं ठेवलीत तर गरम इंजिनाचं आयडलिंगचं प्रेशर बघून झोप उडेल. तुमच्या बिल्डला रॉडवर 0.040 ते 0.050 मिमी आणि सोबत 10डब्ल्यू-40 ऑइल, असं माझं मत.

हे माप मिळवायचं कसं? होंडात क्रँकवरच्या आणि ब्लॉकवरच्या खुणांचा मेळ घालून शेलचा (बेअरिंगच्या अर्ध्या कड्याचा) रंग ठरतो. लाल सर्वांत पातळ, निळं सर्वांत जाड. मेनसाठी (क्रँकच्या ब्लॉकमधल्या बेअरिंगांसाठी) हे सुरुवातीला ठीक, पण तुमचे रॉड बाहेरचे आहेत, त्यांच्यावर होंडाची खूण असणारच नाही. तिथे मोजण्यावाचून इलाज नाही. शेल बसवा, जे बोल्ट शेवटी वापरणार तेच, त्याच लुब्रिकंटसह पूर्ण टॉर्कला आवळा. मायक्रोमीटरवर जर्नलचं माप घेऊन त्यावर बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) शून्य करा आणि मग बेअरिंगच्या आत घाला. गेज दोन शेलच्या जोडाच्या रेषेला काटकोनात धरा. जोडाजवळ शेल मुद्दाम पातळ केलेलं असतं, कारण जास्त आरपीएमला बिग एंड (रॉडचा क्रँककडचा गोल भाग) लांबट होऊन तिथेच आत दबतो. त्या जागी माप घेतलंत तर आकडा उगाच मोठा येईल. प्लॅस्टिगेज (चेपून फट दाखवणारा प्लास्टिकचा धागा) खातरजमेपुरतं वापरा, त्यावर इंजिन बांधू नका.

मोजल्यावर अर्धा थाऊ कमी भरला तर लगेच क्रँक ग्राइंडिंगला धाडू नका. रेस बेअरिंगमध्ये एक्स प्रकार मिळतो, त्याची पूर्ण जोडी एक थाऊ जास्त क्लिअरन्स देते. एक शेल एक्स आणि एक स्टँडर्ड लावलं की अर्धा थाऊ मिळतो. जाड शेल भाराच्या बाजूला: रॉडला वर, मेनला खाली. पॉलिमर कोटिंगवालं घेणार असाल तर कोटिंगची जाडीही मोजमापात धरा. कोटिंग थंड स्टार्टला उपयोगी पडतं, त्याने बाकी चमत्कार होत नाही.

मेनला एआरपी कंपनीचे स्टड घालणार असाल तर कॅप आवळल्यावर ब्लॉकचं बोअर किंचित हलतं, म्हणून स्टड लावूनच लाइन बोअर (मेन बेअरिंगांची भोकं गोल आणि एका रेषेत आहेत का) तपासून घ्या. आणि मशीन शॉपमध्ये कुणी शेलच्या टोकांना कानस लावताना दिसला तर हात धरा. ती टोकं मुद्दाम जराशी वर ठेवलेली असतात, त्याच दाबाने शेल जागेवर पकडून राहतं. शेलवरची ती छोटी जीभ फक्त जागा दाखवायला असते. शेलची पाठ आणि रॉडचं बोअर कोरडं हवं, ऑइल फक्त आतल्या बाजूला.

जुनी बेअरिंगं फेकली नसतील तर क्रमाने मांडून बघा. ती ट्रायमेटल असतील आणि रॉडच्या वरच्या शेलचा मुलामा उडून तांबं दिसत असेल तर तो कंबशनचा मार आहे, बहुतेक नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका). खालचं शेल जास्त खाल्लेलं असेल तर गाडी सतत लाल रेषेवर पळवली गेलीय. टर्बो आल्यावर वरच्याच शेलवरचा ताण वाढणार, त्यामुळे तिथे आत्ताच तांबं दिसत असेल तर बेअरिंगच्या आधी ट्यूनिंगचा खर्च धरा. जर्नलवर नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं तर क्रँक 0.25 मिमी अंडरसाइजला (घासून तेवढा बारीक करायला) जाईल, म्हणून तोवर शेलची ऑर्डर देऊ नका.