वाचकांचे प्रश्न : पर्सिस्टंट मेमरीवरच्या प्रोग्रॅमची चाचणी

प्रश्न : आमचा प्रोग्रॅम पर्सिस्टंट मेमरीत (वीज गेली तरी डेटा टिकवणाऱ्या मेमरीत) लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोंदींची साखळी, ठेवतो. ‘किल -९’ने (प्रोसेस जबरदस्तीने बंद करणाऱ्या कमांडने) कितीही वेळा पाडला तरी पुन्हा सुरू केल्यावर लिस्ट शाबूत असते. एवढी चाचणी पुरे का? खरं मॉड्यूल नाही, साधी रॅमच आहे.

उत्तर : पुरे नाही. प्रोसेस मारली म्हणून सीपीयूची कॅश (मेमरीत उतरण्याआधी डेटा जिथे थांबतो ती जागा) पुसली जात नाही. तिथे राहिलेला डेटा नंतर सावकाश मेमरीत उतरतो. वीज गेली तर तो नाहीसा होतो, आणि नेमकी हीच वेळ तुमच्या चाचणीत कधी येत नाही.

लिस्टमधली नेहमीची चूक अशी : नोड (लिस्टमधली एक नोंद) भरला, हेड (पहिल्या नोडचा पत्ता) त्याच्याकडे वळवला आणि शेवटी दोन्ही एकदम फ्लश केले, म्हणजे कॅशमधून मेमरीत उतरवले. कॅशमधला डेटा ६४ बाइटच्या तुकड्यांनी, म्हणजे कॅशलाइननी, उतरतो; त्यातली कोणती आधी मेमरीत उतरेल, यावर प्रोग्रॅमचा ताबा नसतो. हेड उतरला, नोड राहिला आणि वीज गेली, तर पुढच्या वेळी हेड कचऱ्याकडे नेतो. म्हणून आधी नोड लिहा, त्याच्या प्रत्येक कॅशलाइनवर सीएलडब्ल्यूबी (ती लाइन फ्लश करणारी सीपीयूची सूचना), मग एसफेन्स (आधीची लेखनं पुरी झाल्याशिवाय पुढची होऊ न देणारी सूचना, म्हणजे ‘फेन्स’). त्यानंतरच हेड लिहा, आणि त्यालाही सीएलडब्ल्यूबी व एसफेन्स. हेड ८ बाइटचा असून ८ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर हवा, म्हणजे तो अर्धवट लिहिला जाणार नाही. लिस्टची लांबी वेगळी साठवत असाल तर नुसता क्रम पाळून भागत नाही. ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही अशी सोय) लागेल, किंवा सुरू होताना लांबी पुन्हा मोजा.

साधी रॅम चालेल. लिनक्स कर्नलला ‘मेममॅप=४जी!१२जी’ असा पॅरामीटर दिला, की १२ जीबीच्या पत्त्यापासूनची ४ जीबी रॅम पीमेम, म्हणजे पर्सिस्टंट मेमरी, म्हणून दिसते (तो पत्ता रॅमचाच आहे ना, हे आधी बघा). त्यावर एक्स्ट४ फाइलसिस्टिम डॅक्स पर्यायासह (फाइल थेट मेमरीतून वाचता-लिहिता येते असा पर्याय) माउंट करा.

मग पीमेमचेक या तपासणीच्या साधनाखाली प्रोग्रॅम चालवा; ते व्हॅलग्राइंड या मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या साधनावर आधारलेलं आहे. फ्लश किंवा फेन्स न झालेलं प्रत्येक लेखन तो दाखवतो. पीएमडीके (पर्सिस्टंट मेमरीसाठीची तयार लायब्ररी) न वापरता स्वतः एममॅप केलं, म्हणजे फाइल मेमरीत जोडली असेल, तर तो भाग पीमेमचेकच्या मॅक्रोने नोंदवा. नाहीतर रिपोर्ट फसवा, अगदी स्वच्छ येतो.

पण वरची क्रमाची चूक पीमेमचेकला दिसत नाही, कारण शेवटी फ्लश झालेलाच असतो. तिच्यासाठी पीएमरीऑर्डर हे दुसरं साधन आहे. पीमेमचेकने नोंदवलेली लेखनं घेऊन तो वीज गेल्यावर उरू शकतील अशा अवस्था तयार करतो आणि प्रत्येकीवर तुमचा तपासणी-प्रोग्रॅम चालवतो. दोन फेन्सच्या मध्ये २० स्वतंत्र लेखनं असली तर शक्यता १० लाखांवर जातात, म्हणून सगळ्या शक्यता एकेका छोट्या ऑपरेशनपुरत्याच तपासा. सगळं वजन तपासणी-प्रोग्रॅमवर आहे : ‘फाइल उघडली’ ही तपासणी नव्हे. रिकव्हरी चालवा, लिस्ट शेवटपर्यंत चाला, प्रत्येक नोडचा चेकसम (डेटा बिघडला का हे सांगणारा आकडा) पडताळा.

प्रश्न : ईएडीआर (वीज जाताना कॅशही वाचवणारी सोय) असलेल्या मशीनवर फ्लश काढून टाकले तर?

उत्तर : तिथे वीज जाताना कॅशमधला डेटाही मेमरीत पोहोचवला जातो, म्हणून टिकण्यासाठी फ्लश लागत नाही. मात्र कंपायलर लेखनांची अदलाबदल करू शकतो, आणि अर्धवट ट्रान्झॅक्शन तिथेही अर्धवटच राहतं. फ्लश कोडमध्ये ठेवा, आणि ईएडीआर आहे का हे चालताना तपासून ते वगळा.